झोक्याखाली आधी वाळू: सोसायटीच्या बागेत खेळायची जागा करताना

वर्गणी जमली की चर्चा सुरू होते ती घसरगुंडीच्या रंगावर. त्याआधी एक ठरवा: मूल पडलं तर कशावर पडेल? पेव्हर ब्लॉक आणि चोपलेला मुरूम तर नकोतच. हिरवळही टिकत नाही, झोक्याखालचं गवत पायांनी घासून महिन्याभरात जमीन उघडी पडते. सिमेंटवर चिकटवलेली इंचभर रबर टाइल उंच झोक्याला पुरत नाही, कारण पडायची उंची वाढली की जाडीही वाढवावी लागते. कमी पैशात वाळूच बरी, पण फूटभर खोल.

वाळूचा हिशोब झोक्यावरून करा. आडवी दांडी साडेसहा फुटांवर असेल तर पुढे आणि मागे त्याच्या दुप्पट, म्हणजे 13-13 फूट जागा मोकळी हवी. दोन पाट बसवायचे तर सांगाडा किमान 10 फूट रुंद घ्या: दोन पाटांत दोन फूट, पाट आणि खांब यांत अडीच फूट अंतर राहतं. एका सांगाड्यावर तिसरा पाट नको, मधलं मूल दोन्हीकडून अडकतं. दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट धरले की खड्डा 26 बाय 22 फुटांचा होतो. फूटभर वाळू म्हणजे 572 घनफूट, पावणेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). वाळू दबते, म्हणून साडेसहा मागवा. धुतलेली, गोल दाण्याची नदीची वाळू घ्या. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, भुकटी असते. ती पाणी पडलं की घट्ट बसते आणि मग वाळू असून नसल्यासारखी.

खड्डा दीड फूट खणा. तळाला सहा इंच खडी, वर जिओटेक्स्टाइल (पाणी खाली सोडणारं पण वाळू अडवणारं) कापड, त्यावर वाळू. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्ड्याची टाकी होते. तिथे तळाला उतार देऊन भोकांचा पाइप गटारापर्यंत न्या. त्याच मातीत खांबही कलतात, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत खोल घ्या, आणि काँक्रीटचा माथा वाळूच्या तळाखाली ठेवा. वर डोकावणारा काँक्रीटचा गोळा हीच पुष्कळदा डोकं फुटायची जागा असते.

भरून झाल्यावर वाळूची पातळी खांबावर रंगाने आखून ठेवा. रेघेखाली चार बोटं खांब दिसू लागला की भर घालायची वेळ झाली, हे वॉचमनलाही कळतं. पाटाखाली खळगा पडतोच, आठवड्यातून एकदा पंजाने वाळू ओढून घ्या. मांजरांचा त्रास असेल तर रात्री जाळी अंथरा.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे करा. पत्र्याची असेल तर दुपारच्या उन्हात मांडीला चटका बसतो, एप्रिलच्या विदर्भात तर फोडच येईल. उतरायच्या टोकापुढे सहा फूट मोकळे सोडा. वरच्या कठड्याच्या गजांमधली फट साडेतीन इंचांहून कमी किंवा नऊ इंचांहून जास्त हवी. मधल्या मापात लहान मुलाचं अंग पाय पुढे करून आरपार जातं आणि डोकं अडकतं. तयार खेळणी घेतानाही टेप घेऊन जा, दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. ओढणी किंवा गळ्यात नाडी असलेलं मूल घसरगुंडीवर चढू देऊ नका.

झोके बागेच्या कडेला ठेवा, म्हणजे धावणारी पोरं त्यांच्यासमोरून जाणार नाहीत. पाच वर्षांखालच्यांचा कोपरा वेगळा करा आणि मोठ्यांचे बाक तिथून नजर पोहोचेल असे मांडा. सावलीला कडुनिंब किंवा करंज लावा. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दिसायला सुंदर असली तरी विषारी. मुलं फळं तोंडात घालतात, तेव्हा असतील तर उपटा.

मेअखेरीस पक्कड, पाना आणि एटीएम कार्ड घेऊन एक फेरी मारा. साखळीच्या आकड्याच्या फटीत कार्ड शिरलं तर आकडा दाबून मिटवा. कडी झिजून निम्मी झाली असेल तर साखळीच बदला. खांब वाळूला टेकतो तिथली वाळू बाजूला करून पाहा, गंज तिथून धरतो: तो खरवडून रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. टायरचा झोका असेल तर खालच्या बाजूला चार-पाच भोकं पाडा, नाहीतर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.