आफ्टरबर्नर मिळालेला मारुत: माझा अनुभव

जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टने घडवलेले एचएफ-२४ मारुत हे लढाऊ जेट विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. परंतु ज्या आफ्टरबर्नरयुक्त (मागच्या झोतात जादा इंधन जाळून रेटा, म्हणजे पुढे ढकलणारे बल, वाढवणाऱ्या) ऑर्फियस इंजिनासाठी त्याची रचना झाली होती, ते इंजिन कधीच न मिळाल्याने ते ध्वनिवेगाच्या आसपासच अडकून राहिले. ही खंत मला नेहमी वाटते. म्हणून ‘स्ट्राइक फायटर्स २’ या विमानउड्डाणाच्या संगणकीय खेळामध्ये मी काल्पनिक ‘मारुत मार्क २’ तयार केले.

प्रत्येक इंजिनाचा रेटा सुमारे २१.६ वरून ३६ किलोन्यूटन केला, तर विमान समुद्रसपाटीलाच दुप्पट ध्वनिवेगाने धावू लागले आणि नाक सतत वर उचलू लागले. विमानाच्या डेटा फाइलमध्ये रेट्याचे आकडे बदलताना ध्वनिवेगाजवळ झपाट्याने वाढणाऱ्या हवेच्या विरोधाची सारणी मी जवळजवळ सपाट ठेवली होती, हे दोन संध्याकाळी खर्ची घातल्यावर उमगले. ०.९ माखपासून (म्हणजे ध्वनिवेगाच्या ०.९ पटीपासून) तो विरोध टप्प्याटप्प्याने वाढवला. नव्या इंजिनांचे वजन शेपटीकडे धरल्याने गुरुत्वमध्य मागे सरकला होता. तो थोडा पुढे घेताच नाक स्थिरावले. एका वेळी एकच आकडा बदलून चाचणी उड्डाण केले, म्हणूनच दोन्ही दोष वेगळे ओळखता आले. आता हे विमान उंचीवर १.५ माखपर्यंत जाते, आणि त्याच्या मूळ सांगाड्याला तेवढेच शोभते असे माझे मत आहे.