खानदेशात नव्याने आलात आणि घराला स्विमिंग पूल आहे, तर

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्याकडे शेवाळ येतं ते पावसात. मृग लागला की अंगणाच्या पायऱ्या हिरव्या होतात आणि दसऱ्याच्या उन्हात वाळून जातात. त्यामुळे २००७ साली जळगावला आलो आणि पुढे काही वर्षांनी शहराबाहेर मळ्यातल्या घरात छोटा पूल बांधला, तेव्हा पावसाळ्यातच काळजी घ्यायची असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच वर्षी ऐन आखाजीत, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरपणाला आलेल्या पुतण्या आणि त्यांची पोरं पूलजवळ उभी होती आणि पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं झालं होतं. इथे शेवाळ उन्हात येतं. पुण्या-मुंबईहून किंवा कोकणातून इकडे येणाऱ्यांना हे आधी कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

(शेवाळाला इथे ‘शेवाय’ म्हणताना ऐकाल. ळ चा य होतो, केळीची केयी होते. पहिले काही महिने कान तयार होऊ द्या, मग गोड वाटतं.)

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. पाण्यातल्या क्लोरीनला उन्हातली अतिनील किरणं मोडून टाकतात. आडोसा नसलेल्या पूलमध्ये सकाळी टाकलेला क्लोरीन दुपारच्या जेवणापर्यंत जवळजवळ संपलेला असतो. पाणी कोमट, ऊन भरपूर आणि क्लोरीन शून्य, म्हणजे शेवाळाला आणखी काही लागत नाही. यावर उपाय म्हणून स्टॅबिलायझर वापरतात. त्याचं नाव सायन्युरिक अ‍ॅसिड. ते क्लोरीनला उन्हापासून धरून ठेवतं. उघड्या पूलला ते हवंच, दशलक्षात तीस ते पन्नास भाग एवढं. पुढे याला मी नुसतं ‘पीपीएम’ म्हणेन, दुकानातही तोच शब्द चालतो.

माझी चूक नेमकी इथे झाली. दुकानदाराने टीसीसीएच्या, म्हणजे पाण्यात हळूहळू विरघळून क्लोरीन सोडणाऱ्या, गोळ्या दिल्या. वापरायला सोप्या, तरंगत्या डब्यात टाकल्या की झालं. पण या गोळ्यांत क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझरही असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हिशेब करून बघा. आमचा पूल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे चाळीस हजार लिटरचा. उन्हाळ्यात रोज तीन पीपीएम क्लोरीन लागला, तर साधारण १३५ ग्रॅम गोळ्या लागतात. त्यातून रोज पावणेदोन पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात उतरतो. महिन्यात पन्नासच्या वर, तीन महिन्यांत दीडशे. क्लोरीन खर्च होतो, स्टॅबिलायझर होत नाही. तो वाफेबरोबर उडतही नाही. इथे उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, आपण वरून नवीन ओततो, आणि खाली राहिलेलं मात्र साचतच जातं.

स्टॅबिलायझर जितका जास्त, तितका क्लोरीनचा जोर कमी. ढोबळ नियम असा की शेवाळ येऊ नये म्हणून स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के क्लोरीन कायम हवा. चाळीसला तीन पीपीएम पुरतो. दीडशेला अकराच्या वर लागतो, आणि आपण मात्र तीन बघून समाधानी असतो. शेवाळ आलं की दुकानदार म्हणतो, अजून दोन गोळ्या टाका. दोन उन्हाळे मी तेच करत राहिलो. दर वेळी पाणी चार दिवस निवळायचं आणि पुन्हा हिरवं व्हायचं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: टाकण्याआधी मोजा. पिवळा रंग देणारी स्वस्त किट पुरेशी नाही, तिच्यात खर्ची पडलेला क्लोरीनही मोजला जातो. गुलाबी रंग देणारी डीपीडी किट घ्या. आणि स्टॅबिलायझर मोजायची काळ्या ठिपक्याची नळी घ्या. पाण्यात औषध मिसळलं की ते गढूळ होतं, नळीत हळूहळू ओतायचं, तळाचा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. ही नळी जवळच्या दुकानात मिळेलच असं नाही, मागवावी लागली तर मागवा.

आकडा शंभराच्या वर निघाला तर औषधाने तो उतरत नाही, पाणी बदलावं लागतं. पण पूल एकदम रिकामा करू नका. आपल्याकडे काळी माती आहे. पावसाने ती फुगते, जमिनीतलं पाणी चढतं, आणि रिकाम्या पूलच्या भिंतीला तडा जाऊ शकतो. एक तृतीयांश काढा, भरा, पंप फिरवून मिसळू द्या, पुन्हा एक तृतीयांश. तीनदा केलं की दीडशेचे पंचेचाळीसच्या आसपास येतात. हे काम विहिरींना पाणी असताना करा. एप्रिलमध्ये गावात टँकर येत असताना पूलचं पाणी सोडून देणं मला पटत नाही, आणि शेजाऱ्यालाही ते पटणार नाही. काढलेलं पाणी केळीच्या मुळाशी सोडू नका. क्लोरीन उतरू द्या आणि पडीक जागेवर पसरवा.

आता आलेलं शेवाळ मारायचं कसं. आधी पीएच ७.२ पर्यंत उतरवा. आपल्या विहिरीचं, बोअरचं पाणी जड असतं, पीएच वरच चढत राहतो. मग भिंती, पायऱ्यांचे कोपरे, शिडीच्या मागची जागा, दिव्याच्या कडा ब्रशने घासा. शेवाळावर थर असतो, तो फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. सूर्य मावळल्यावर क्लोरीन टाका, स्टॅबिलायझरच्या चाळीस टक्के होईल एवढा. स्टॅबिलायझर चाळीस असेल तर सोळा पीपीएम, म्हणजे आमच्या पूलला दहा टक्क्यांचं द्रवरूप क्लोरीन साडेसहा लिटरच्या आसपास. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, दाब चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुवा. रोज मोजा आणि कमी झालेलं भरून काढा. एका रात्रीत हे संपत नाही, चार-पाच दिवस धरा.

थांबायचं कधी? रात्री मोजा, पहाटे उजाडायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे जो क्लोरीन कमी झाला तो पाण्यातल्या सजीवांनी खाल्ला. ही घट एक पीपीएमच्या आत आली आणि पाणी नितळ झालं, की काम झालं. निवळलेलं दिसलं म्हणून आधीच थांबाल तर आठवड्यात शेवाळ परत येईल. तळ दिसत नाही तोवर पोरांना पाण्यात उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडणारं मूल दिसत नाही.

सावलीकडच्या भिंतीवर पिवळसर भुकटी दिसली तर धूळ समजून सोडू नका. वावटळीची धूळ सगळ्या तळावर सारखी बसते. पिवळं शेवाळ सावलीच्या भिंतीला धरून राहतं आणि घासलं तरी दोन दिवसांत त्याच जागी उमटतं.

मोरचूद टाकायचा सल्ला इथे हमखास मिळेल. केळी आणि लिंबाच्या बागांमुळे तो घरोघरी असतो. मी तो टाळतो. तांबं पाण्यात साचतं, फरशीवर डाग पाडतं, आणि क्लोरीन कमी असल्याचं मूळ दुखणं तसंच राहतं. ब्लीचिंग पावडर आणि कॅल्शियमवाला क्लोरीन आणीबाणीला ठीक, पण जड पाण्यात आणखी चुना वाढतो. रोजच्यासाठी द्रवरूप क्लोरीन बरा. तो उन्हाळ्यात लवकर मंद होतो, म्हणून थोडा थोडा आणा आणि सावलीत ठेवा. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मापाने कधीही नको, आग लागते. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू होतो. हे तुमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, स्वतः दाखवून समजवा, कारण पूलचं काम बहुधा तोच करणार आहे.

मळ्यात राहत असाल तर पंप सिंगल फेजचा आणि घराच्या मीटरवर घ्या. शेतीच्या फीडरवरची थ्री फेज ठरावीक तासच असते, कधी दिवसा तर कधी रात्री. तासाला दहा हजार लिटर फिरवणारा पंप असेल तर उन्हाळ्यात आठ तास चालवा. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाचा पाला आणि मोहोर पडतो, तो रोज जाळीने काढा. आणि पोरं विहिरीत पोहून आली असतील तर कपडे बदलूनच पूलमध्ये उतरू द्या.

जळगावात नवीन असाल आणि नळी मिळाली नसेल, तर माझ्या घरी बाटलीभर पाणी घेऊन या, मी मोजून देतो. नमुना पाणी आत येतं त्या तोंडापासून दूर, कोपरभर खोलीवरून घ्या.