शाश्वत पर्यटन शिकताय? आधी पैशाचा माग काढा

पर्यटन व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शाश्वत पर्यटनाचे तीन पैलू सगळेच पाठ करतात: पर्यावरण, अर्थकारण आणि समाज-संस्कृती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आणि जागतिक पर्यटन संघटनेने २००५ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतली १२ उद्दिष्टंही परीक्षेपुरती तोंडपाठ होतात. पाठ जरूर करा, पण त्यांचे वेगवेगळे रकाने पाडू नका. ती एकमेकांत किती गुंतलेली असतात, हे मला वेळासला फील्डवर्क करताना कळलं.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं किनाऱ्यावरचं छोटं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत इथल्या वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभरेक. पूर्वी माणसं ती अंडी उकरून न्यायची, राहिलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी किनाऱ्यावरच्या हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबावीत म्हणून कुंपण घातलेल्या जागेत, हलवायला सुरुवात केली. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि समुद्राकडे सोडली जातात. ते बघायला लोक येऊ लागले, तशी गावातली घरंच पाहुण्यांसाठी उघडली. राहण्या-जेवणाचे पैसे थेट घरात येऊ लागले. अंडी विकून पैसे एकदाच मिळायचे, समुद्रात जाणारी पिल्लं मात्र दर हंगामात पाहुणे आणतात. माझ्या मते हा हिशेब नुसत्या बंदीपेक्षा जास्त टिकाऊ आहे.

म्हणून कुठल्याही गावात गेलात की एका पाहुण्याचा एका दिवसाचा खर्च कागदावर मांडा. गाडी कोणाची, मासळी कोणाकडून, किराणा कुठून, बुकिंग कोण घेतं आणि त्यात किती कापून घेतं? पुस्तकात ज्याला आर्थिक गळती म्हणतात, म्हणजे पाहुण्याचा पैसा गावात न राहता बाहेर जाणं, ती अशी घरोघरी विचारल्याशिवाय दिसत नाही.

सामाजिक पैलूसाठी प्रश्नावली जरा बाजूला ठेवा. दुपारी जेवणं आटोपून भांडी झाली, की घरातल्या काकू-वहिनींशी बोला. ओटीवर पुरुष मंडळी ‘पर्यटनाने चांगलंच झालं’ म्हणतात. पाणी किती भरावं लागतं, पहाटे किती वाजता उठावं लागतं, मिळालेले पैसे कोणाच्या हातात राहतात, हे स्वयंपाकघरातच कळतं. अहवालात या उत्तरांना निम्मी तरी जागा द्या.

धारणक्षमता, म्हणजे एखादी जागा किती पर्यटक पेलू शकते, यावर सगळे आकडा शोधतात. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोज ३००० पर्यटकांची मर्यादा घातली गेली. पण ती मर्यादा पाळायची कोणी, आणि परत पाठवलेल्या पाहुण्यामुळे बुडालेली कमाई कोणाची, हे प्रश्न आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

आणि एकदा तरी त्याच गावात पावसाळ्यात जा. कासवं नाहीत, पाहुणे नाहीत, तेव्हा घर कशावर चालतं? भात कोण लावतं, आंबा-काजूचं किती येतं, तरुण मुलं मुंबईहून परत आली का? बहुतेकांच्या प्रबंधात हे प्रकरण नसतं. तुमच्या प्रबंधात ते असू द्या.