सापाला ट्रान्समीटर लावलाय? मग या चुका टाळा

घोणशीच्या पोटात रेडिओ सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर बसला आणि तो सिग्नल बीप म्हणून ऐकवणारा रिसीव्हर आणि त्याची अँटेना आपल्या हातात आली की नव्या पोरांना वाटतं आता काम सोपं झालं, बीप येतो तिकडे चालत जायचं, साप बघायचा, वहीत लिहायचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण बीप फक्त एवढंच सांगतो की ट्रान्समीटर त्या बाजूला कुठेतरी आहे. साप जिवंत आहे का, बिळात आहे का झाडावर, आपल्या बुटापासून किती लांब, यातलं काहीच तो सांगत नाही, आणि मी बघितलेल्या बहुतेक चुका बीपवर जास्त विश्वास टाकल्यामुळेच झाल्यात.

आपल्या शेजारीच कर्नाटकात हे काम बरंच झालंय. आगुंब्याला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये संशोधन केंद्र सुरू केलं आणि २००८ पासून तिथे किंग कोब्राच्या अंगात ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला. हुणसूरकडे शेतातल्या घोणशींवर काम झालंय. घोणशीचं काम मला जास्त जवळचं वाटतं, कारण २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजार, आणि चावणाऱ्यांत घोणस सगळ्यात पुढे. ती दिवसा बांधावर कुठे असते, रात्री किती सरकते, कापणीच्या वेळी कुठे जाते, हे कळलं तर शेतकऱ्याला नेमकं काहीतरी सांगता येईल.

आता पहिली चूक, ती साप निवडतानाच होते. ट्रान्समीटरचं वजन सापाच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत हवं असा जुना नियम आहे, तो काट्यावर सगळे पाळतात पण सापाची जाडी कोणी बघत नाही. मोठी घोणस जाडजूड, तिला चालून जातं. मण्यार लांब पण सडपातळ, तिच्या अंगात तोच तुकडा फुगवटा करून बसतो. फुरसं तर एवढंसं असतं की त्याला पेलेल असा ट्रान्समीटर घेतला की बॅटरी पण एवढीशीच येते आणि काम सुरू होतंय तोवर संपते.

मग कोणीतरी म्हणतंच, ऑपरेशन कशाला, वरून टेपने चिकटवू की. थोड्या दिवसांसाठी काही जातींवर असं करतात, पण साप कात टाकतो त्यात सगळं निघून जातं, आणि त्याआधी बिळात शिरताना अडकायची भीती असतेच. पूर्वी ट्रान्समीटर गिळायला लावायचे, तो साप ओकून टाकतो, किंवा ठेवलाच तर पोट भरल्यासारखा वागतो, मग आपण नोंदवतो ते वागणं खरं कसं मानायचं? म्हणून १९८२ साली रायनर्ट आणि कुंडॉल या अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलेली पद्धत अजून चालते, भूल देऊन ट्रान्समीटर शरीराच्या पोकळीत आणि बारीक वायरची अँटेना कातडीखाली. हे प्राण्यांच्या डॉक्टरचं काम आहे. नुकतंच भक्ष्य खाल्लेला साप, पोटुशी मादी, डोळे निळसर पडून कात टाकायला आलेला साप, यांना टेबलावर घेऊ नका, आणि ऐन थंडीत तर नकोच, जखम भरायला खूप वेळ लागतो. अजून एक, ट्रान्समीटर बंद राहावा म्हणून त्याला चुंबक लावलेलं येतं, ते काढून रिसीव्हरवर बीप ऐका, फ्रिक्वेन्सी लिहून घ्या आणि मगच डॉक्टरच्या हातात द्या. टाके घातल्यावर आठवून उपयोग नाही.

(आणि हो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. सर्पमित्राने हौस म्हणून घरी करायची ही गोष्ट नाही.)

सिग्नलच्या चुका मात्र सगळ्यात जास्त. रिसीव्हरचा गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करून ऐकवायचा ते बटण, फुल ठेवून फिरणं ही तर रोजची, लांब असताना ठीक आहे पण जवळ गेल्यावर चारी बाजूंनी सारखाच आवाज येतो आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. जसजसे जवळ जाल तसा गेन कमी करत जा. अगदी जवळ आलो असं वाटलं तर अँटेनाची केबल काढून बघा, तरीही बीप ऐकू आला तर जागेवर थांबा, साप काही पावलांवर असू शकतो. दुसरं म्हणजे यागी, म्हणजे आडव्या काड्यांची हातात धरायची अँटेना, पाठीमागून येणारा सिग्नलही पकडते, त्यामुळे एका दिशेला जोरात आला की लगेच धावू नका, पूर्ण गोल फिरवून दोन्ही बाजू ताडून बघा, अँटेना एकदा आडवी एकदा उभी धरून बघा. कातळाच्या भिंतीवर, ओल्या गच्च झाडीत सिग्नल आपटून भलतीकडून येतो, विजेच्या तारांखाली नुसती खरखर. अशा वेळी पन्नास पावलं बाजूला सरकून परत घ्यायचा. दोन जागांवरून दिशा घेऊन नकाशावर रेघा जिथे छेदतात तिथे साप असं ठरवत असाल तर दोन्ही रेघांमध्ये जमेल तितका काटकोन पडू द्या, आणि होकायंत्र अँटेनाला चिकटून धरू नका, लोखंडाजवळ सुई फिरते.

सिग्नल पाच दिवस एकाच जागी आहे म्हणून साप मेला असं लिहून टाकू नका. घोणस दबा धरून दिवसच्या दिवस हलत नाही, कात टाकायच्या आधी बिळात पडून राहते. तापमान सांगणारा ट्रान्समीटर असेल तर बीपचा वेग मोजा, अंग तापलं की बीप भरभर येतात, दिवसभरात वेग कसा बदलतो त्यावरून बराच अंदाज येतो. उलट रोज दहा-वीस मीटर सरकणारी घोणस एका दिवसात दोन किलोमीटर गेली तर आनंद करू नका, ती बहुतेक दुसऱ्या कोणाच्या पोटात चाललीय.

सिग्नल गायब झाला तर आधी स्वतःचं सामान बघा, रिसीव्हरची बॅटरी, केबलचं टोक, फ्रिक्वेन्सी थोडी सरकलीय का. मग उंचावर जा, टेकडी, पाण्याची टाकी, गच्ची, कारण खोल बिळातला सिग्नल सपाट शेतात फार लांब येत नाही.

आता जवळ जाण्याबद्दल. रोज साप डोळ्यांनी बघायचा हट्ट सोडा. तुम्ही रोज जाऊन त्याला उठवलंत तर तो तुमच्यामुळे हलतोय, आणि तुम्ही लिहिताय की साप रोज हलतो. लांबून थांबून जागा ठरवा, आठवड्यातून एखाद्या वेळी बघा. एकट्याने जाऊ नका, गमबूट घाला, गवतात हात घालू नका, जंगलात असाल तर वरही बघा. भारतातलं अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे, किंग कोब्रा आणि चापडा जातीच्या विषारी सापांसाठी नाही, हे सगळ्या टीमला माहीत हवं. आणि जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात अँटिव्हेनम आहे ते हंगाम सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या, चावल्यावर फोनाफोनी करण्यात जीव जातो.

मण्यार रात्री फिरते आणि आपण नोंदी घेतो सकाळी दहाला, त्यामुळे कागदावर ती नुसती झोपलेली दिसते. रात्रीच्या फेऱ्या लावा, झोपमोड होते पण इलाज नाही.

गावाचं पण बोललं पाहिजे. अँटेना घेऊन पोरं शेतात दिसली की गावात पहिली अफवा उठते की हे साप सोडायला आलेत. आम्ही सुरुवातीला कोणाला न सांगता फिरलो आणि एक घोणस काठ्यांनी मारली गेली, ट्रान्समीटर बांधावर तुटून पडलेला मिळाला. दोष त्या शेतकऱ्यांचा नव्हता, आम्ही सांगायला हवं होतं. त्यानंतर प्रत्येक घरी जाऊन रिसीव्हर ऐकवला, बायाबापड्यांनी कानाला लावून बघितला, मग लोकच सांगायला लागले की काल इथे दिसली. पण व्हॉट्सअपवर सापाचं लोकेशन किंवा जागा कळेल असा फोटो कधीच टाकू नका, ते वाचणारे सगळे चांगलेच असतात असं नाही.

याच पोटी अजून एक चूक, साप त्रास देतो म्हणून तो लांब डोंगरात नेऊन सोडायचा. आगुंब्यात लांब नेऊन सोडलेला किंग कोब्रा खूप जास्त भटकला. अमेरिकेत टिंबर रॅटलस्नेक या विषारी सापावर १९९९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नेऊन सोडलेले साप मूळ जागेवरच्यांपेक्षा कितीतरी जास्त मेले. आपल्याकडे सर्पमित्र रोज साप पकडून लांब जंगलात सोडतात, मनापासून सोडतात, पण पुढे त्यांचं काय होतं ते बघायला पोटात ट्रान्समीटर नसतो.

आणि बॅटरी संपायची तारीख ट्रान्समीटर बसवला त्याच दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. वर्षभर चालणारी असेल तर दहाव्या महिन्यातच साप पकडून बदला किंवा काढून टाका. शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत आणि नेमकी तेव्हाच घोणस दगडी बांधाच्या आत जाऊन बसली, तर तो तुकडा तिच्या अंगात आयुष्यभर राहतो.