सर्व्हरवर डार्क वेबची दुकानदारी सापडली तर: गोव्यातल्या लहान होस्टिंगवाल्यांसाठी

गोव्यात होस्टिंगचा धंदा करणारे बहुतेक जण लहान आहेत. जर्मनीत, सिंगापुरात किंवा मुंबईत एक-दोन सर्व्हर भाड्याने घ्यायचे, त्यांचे आभासी तुकडे पाडायचे आणि ते कळंगुटच्या गेस्ट हाउसला, फोंड्याच्या देवस्थानाला, म्हापशाच्या काजूविक्रेत्याला वर्षाच्या बोलीवर द्यायचे. अशा एखाद्या तुकड्यावर कोणी डार्क वेबवर, म्हणजे नेहमीच्या ब्राउझरने न उघडणाऱ्या इंटरनेटच्या लपलेल्या भागात, अमली पदार्थांचा बाजार, चोरलेल्या कार्डांची विक्री किंवा मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य मांडले, तर तपास फिरत फिरत तुमच्या दारात येतो. घाबरलेला माणूस अशा वेळी दोन गोष्टी करतो: खाते पुसून टाकतो किंवा सर्व्हर बंद करतो. या दोन्हींनी पुरावा जातो आणि संशय मात्र तुमच्यावर राहतो.

होस्टिंगवाला कधी अडकतो

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे इथे होस्टिंगवाल्याला, संरक्षण देते. ग्राहकाने ठेवलेल्या मजकुराची तुम्हाला कल्पना नव्हती आणि कळल्यावर तुम्ही कायद्याप्रमाणे वागलात, तर जबाबदारी ग्राहकाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात ‘कळणे’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना मिळणे, असा अर्थ लावला. पण यावर विसंबून गप्प बसू नका. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या साहित्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवले नाही, तर मध्यस्थाला हे संरक्षण मागता येणार नाही. असे साहित्य दिसले की आदेशाची वाट पाहायची नाही, स्वतःहून कळवायचे.

परदेशातली दोन प्रकरणे इथे लक्षात घ्यावीत. जर्मनीत ट्राबेन-ट्रारबाख गावी जुन्या लष्करी बंकरमध्ये ‘सायबरबंकर’ नावाचे डेटा सेंटर चालत असे. सप्टेंबर २०१९ मध्ये सहाशेहून जास्त पोलिसांनी त्यावर छापा घातला. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रियरच्या न्यायालयाने आठ जणांना गुन्हेगारी संघटनेबद्दल दोषी ठरवले. त्यांच्या सर्व्हरांवरून झालेल्या सुमारे अडीच लाख गुन्ह्यांना मदत केल्याचा आरोप मात्र टिकला नाही, कारण त्या त्या गुन्ह्याची त्यांना माहिती होती हे सिद्ध झाले नाही. दुसरे प्रकरण ‘फ्रीडम होस्टिंग’ या डार्क वेबवरच्या होस्टिंग सेवेचे. तिथे चालकाला आपल्या सर्व्हरवर काय आहे हे पुरते ठाऊक होते. त्याला २०१३ मध्ये आयर्लंडमध्ये अटक झाली, पुढे अमेरिकेच्या ताब्यात दिले गेले आणि २०२१ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली. तुम्हाला काय माहीत होते आणि ते कळल्यावर तुम्ही काय केलेत, याची लेखी नोंद म्हणूनच सगळ्यात मोलाची.

ओळखायचे कसे

टॉर, म्हणजे वापरणाऱ्याची ओळख लपवणारे जाळे, वापरणे भारतात गुन्हा नाही. टॉर चालू दिसला म्हणून लगेच ग्राहकाला गुन्हेगार ठरवू नका. पण त्याच्या आडून संकेतस्थळ चालते आहे का, हे पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो हक्क करारात लिहिलेला असायला हवा.

अनेक जण पोर्ट (बाहेरून मशीनशी जोडण्याचे दरवाजे) स्कॅन करतात, काही उघडे दिसत नाही म्हणून निश्चिंत होतात. इथेच चूक होते. ओनियन सेवेला, म्हणजे टॉरच्या आड चालणाऱ्या संकेतस्थळाला, बाहेरून येणारा एकही पोर्ट उघडा लागत नाही. ती स्वतःच टॉरच्या जाळ्याकडे बाहेर जोडणी करते आणि पाहुणे त्याच जोडणीतून आत येतात. फायरवॉलवर सगळे दरवाजे बंद असूनही आत दुकान जोरात चालू असू शकते. म्हणून आत येणारी नव्हे, बाहेर जाणारी वाहतूक बघा. एखादी मशीन दिवसरात्र टॉरच्या दोन-तीन ठरावीक पत्त्यांशीच बोलते आहे, वेबसाइटला उघड भेटी नाहीत आणि तरी महिन्याला शेकडो गिगाबाइट बाहेर जाताहेत, अशी जुळणी दिसली तर चौकशी करावी. टॉरच्या रिले (वाहतूक पुढे पाठवणाऱ्या) सर्व्हरांचे पत्ते जाहीर असतात, तुमच्या नेटफ्लो नोंदींशी (कोणती मशीन कोणाशी किती बोलली त्याच्या) ते ताडून बघता येतात. ग्राहकाने ब्रिज, म्हणजे पत्ता जाहीर नसलेला रिले, वापरला असेल, तर मात्र हा ताळा चुकतो.

व्यवस्थापन तुमच्याकडे असलेल्या मशीनवर चालू प्रक्रियांच्या यादीत टॉर आहे का ते पाहा. टॉरच्या मांडणी फाइलमध्ये ‘हिडन सर्व्हिस’च्या ओळी असतात आणि त्यात सांगितलेल्या फोल्डरात ‘होस्टनेम’ नावाची छोटी फाइल असते. तिच्यात ५६ अक्षरांचा ओनियन पत्ता असतो. तो पत्ता हाताने वहीत उतरवा. तो टॉर ब्राउझरमध्ये उघडून आत काय आहे ते बघायला जाऊ नका, तुमच्या कॉम्प्युटरवर मजकूर उतरला की प्रश्न तुमच्यावर येतो.

बऱ्याचदा मूळ ग्राहक निर्दोषच असतो. गेस्ट हाउसच्या जुन्या वर्डप्रेसमधून कोणीतरी शिरतो आणि त्याच्या जागेचा वापर करतो. हे ग्राहकाने केले की घुसलेल्याने, ते लॉगिनच्या नोंदी आणि फाइलींच्या तारखा सांगतील, म्हणून त्या सांभाळायच्या.

पहिले काही तास

सर्व्हर बंद करू नका. डिस्क कूटबद्ध असेल तर तिची किल्ली मेमरीत असते आणि वीज गेली की किल्लीही जाते. सिल्क रोड या डार्क वेबवरच्या बाजाराच्या चालकाला २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयात, अल्फाबे या तशाच बाजाराच्या चालकाला २०१७ मध्ये बँकॉकमध्ये पकडताना पोलिसांनी जिवाचा आटापिटा केला तो लॅपटॉप उघडा आणि चालू स्थितीत हाती यावा यासाठीच. तुमच्या कार्यालयातच मशीन असेल तर यूपीएस तपासा, पावसाळ्यात तर नक्कीच.

दुसरे काम कोणी सहसा सांगत नाही: त्या खात्यावरची सगळी स्वयंचलित कामे थांबवा. बिलिंग प्रणाली थकबाकी दिसली की खाते आपोआप निलंबित करते आणि पुढे डेटा पुसते. बॅकअप नवा आला की जुना उडवतो. लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी, फिरवणारा प्रोग्राम जुने लॉग टाकून देतो. तिन्ही बंद करा आणि केव्हा बंद केले ते लिहा. सर्व्हर तुम्ही दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतला असेल तर तिलाही ईमेल करा की डिस्क पुसू नका, पुन्हा मांडू नका, जतन करा. तक्रार आली की काही कंपन्या परस्पर मशीन कोरी करून मोकळ्या होतात.

ग्राहकाला काही कळवू नका. ‘तुमच्यावर तक्रार आली आहे’ एवढ्या एका ओळीने समोरचा माणूस दहा मिनिटांत सगळे साफ करतो.

नेटवर्क तोडायचे की नाही, हे काय सापडले त्यावर ठरते. मुलांचे शोषण दिसत असेल तर आभासी स्विचवर त्या मशीनचे जाळे लगेच तोडा, मशीन चालूच ठेवा आणि पोलिसांना फोन करा. बाजार किंवा कार्डांचे प्रकरण असेल तर आधी पोलिसांना विचारा. कधी कधी त्यांना ते चालू हवे असते. डच पोलिसांनी २०१७ मध्ये हान्सा हा बाजार ताब्यात घेऊन २७ दिवस स्वतः चालवला आणि तेवढ्या काळात विक्रेत्या-खरेदीदारांची माहिती गोळा केली. तो निर्णय तपास अधिकाऱ्याचा, तुमचा नव्हे. त्याचे म्हणणे लेखी घ्या.

प्रत घेणे

मुलांच्या साहित्याची प्रत तुम्ही घ्यायचीच नाही. स्क्रीनशॉट नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाला पाठवणे नाही, ‘पुराव्यासाठी’ पेनड्राइव्ह नाही. असे साहित्य बाळगणे आणि पाठवणे हाच गुन्हा आहे. जुन्या बॅकअपमध्येही ते असणार. तो बॅकअप पुसू नका, उघडू नका, तो आहे एवढे पोलिसांना सांगा.

इतर प्रकरणांत, पोलिसांनी सांगितले तर, आधी मेमरीसह स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची स्थिती) घ्यावा आणि मग पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत. निवडक फाइली उचलून नेल्या तर पुसलेले तुकडे मागे राहतात आणि बचाव पक्षाला बोट दाखवायला जागा मिळते. प्रतिमा झाल्यावर लगेच तिचा एसएचए-२५६ हॅश (डेटाच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढा. सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवर ५०० गिगाबाइटला साधारण ५५ मिनिटे लागतात. सर्व्हर परदेशात असेल तर प्रतिमा गोव्यात ओढून आणू नका. १०० एमबीपीएसच्या लाइनवर तेवढ्याच डेटाला अकरा तासांहून जास्त लागतात आणि मध्ये लाइन तुटली की सगळे मुसळ केरात. ती तिथेच वेगळ्या साठ्यावर ठेवा, हॅश तिथेच काढा, इथे फक्त तो आकडा लिहून घ्या.

वेळेचा घोळ फार होतो. सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. लॉगमध्ये ०२:१० असेल तर गोव्यात तेव्हा सकाळचे ०७:४० वाजलेले असतात. लॉग बदलू नका. कोणत्या वेळेत आहेत आणि सर्व्हरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती सेकंद पुढे-मागे आहे, हे वेगळ्या कागदावर लिहा. साडेपाच तासांच्या चुकीने आयपी पत्ता भलत्याच माणसाच्या नावावर जातो आणि निरपराध माणसाच्या घरी पोलीस पोहोचतात.

न्यायालयात हा सगळा पुरावा उभा राहतो तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, म्हणजे बहुधा तुम्ही. भाग ‘ब’ तज्ज्ञाने. यंत्राचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक, हॅशचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे त्यात लागते. सहा महिन्यांनी आठवून भरायला बसू नका, त्याच दिवशी टिपून ठेवा.

कोणाकडे जायचे

गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे पोलीस स्थानक रायबंदरला आहे. लेखी तक्रार घेऊन प्रत्यक्ष जावे, पोच घ्यावी. रात्री-अपरात्री जवळच्या पोलीस स्थानकातही तक्रार देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद होऊन पुढे जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, होस्टिंगच्या प्रकरणाला तो पुरत नाही. महिला आणि मुलांसंबंधीच्या मजकुरासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे नाव न देताही कळवता येते. पण तुम्ही होस्टिंगवाले असाल तर नाव देऊनच कळवा, ती नोंदच तुमची ढाल.

तुमच्या यंत्रणेत घुसखोरी झाली असेल तर ती लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवायचे बंधन आहे. हा नियम २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा. त्यांचा मोफत क्रमांक १८००-११-४९४९. संपूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबू नका, जेवढे कळले तेवढे कळवा, बाकीचे मागून पाठवता येते.

तक्रारीत मते लिहू नका. आयपी पत्ता, ओनियन पत्ता, ग्राहकाचे नाव आणि नोंदणीचा तपशील, पैसे कसे आले, पहिल्यांदा केव्हा दिसले, तुम्ही काय केलेत आणि काय केले नाही, एवढे पुरे.

पोलिसांकडून माहिती मागणारी नोटीस आली, तर ती खरी आहे का ते आधी पाहा. ती सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली असते. गुन्हा क्रमांक, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि सरकारी ईमेल असायला हवा. नोटिशीवरच्या क्रमांकावर नव्हे, तर गोवा पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा कोणीही पोलीस नसतो. कायद्यात तसे काही नाही.

जप्ती आली तर

झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता बंधनकारक आहे. पंचनाम्यात प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आला आहे का ते स्वतः वाचून मगच सही करा. तिथेच हॅश काढण्याची विनंती करा आणि ती मान्य झाली की नाही हे पंचनाम्यात लिहायला सांगा. एका डिस्कवर चाळीस ग्राहक असतील तर त्या एका माणसापायी बाकी एकोणचाळीसही जातात, आणि प्रयोगशाळेतून डिस्क परत यायला बराच काळ लागतो. यावर उपाय आधीच करायचा: प्रत्येक ग्राहकाला वेगळी आभासी मशीन आणि रोजचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी.

आजच करून ठेवायची कामे

सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. लिनक्सवर लॉग फिरवण्याची मूळ मांडणी बहुधा दर आठवड्याची आणि चारच आठवडे ठेवण्याची असते, म्हणजे काही न बदलता चालवणारा प्रत्येक जण नकळत नियम मोडतो. तो आकडा २६ करा, १८२ दिवस होतात. लॉगची प्रत वेगळ्या मशीनवर जाऊ द्या, कारण घुसलेला माणूस पहिल्यांदा लॉगच पुसतो.

व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, देणाऱ्याने ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी पत्ते, नोंदणीच्या वेळचा आयपी आणि वेळ, आणि जागा कशासाठी घेतली ते, ग्राहक गेल्यानंतरही पाच वर्षे ठेवायचे असते. ‘ओळखीतला आहे’ म्हणून यात सूट देऊ नका. किनारपट्टीवर महिनाभरासाठी व्हिला घेऊन राहणारा ग्राहक असेल तर व्हिलाचा पत्ता पुरेसा नाही, त्याचा कायमचा पत्ता घ्या. आधी पूर्ण वर्षाचे पैसे क्रिप्टोत देतो म्हणणारा, बिलावर नाव नको म्हणणारा, तक्रारींकडे दुर्लक्ष करणार का असे पहिल्याच बोलण्यात विचारणारा, यातली एकच गोष्ट असेल तर प्रश्न विचारा, तिन्ही असतील तर जागा देऊ नका.

करारात तीन कलमे घाला: गैरवापराचा संशय आल्यास तपासणीचा हक्क, पूर्वसूचना न देता जाळे तोडण्याचा हक्क आणि तपासासाठी डेटा जतन करण्याचा हक्क. तक्रारींसाठीचा ईमेल पत्ता दोन माणसांच्या फोनवर येऊ द्या. गणेश चतुर्थीच्या सुट्टीत कार्यालय बंद असताना शुक्रवारी रात्री आलेली तक्रार सोमवारपर्यंत कोणी वाचली नाही, तर ते तीन दिवस तुमच्या विरुद्ध मोजले जातात.