कणसात अळी निघाली? औषध मारायच्या आधी तिचे पाय बघा

स्वीट कॉर्नचं कणीस सोललं आणि शेंड्याला अळी वळवळली की आपल्या कोल्हापूर भागात निदान ठरलेलं असतं: "लष्करी अळी आली, औषध मार." जरा थांबा. अळी तळहातावर घ्या आणि उजेडात बघा.

पाय आहेत, डोक्यावर इंग्रजी वाय (Y) उलटा काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडं चार ठिपक्यांचा चौकोन आहे, तर ती लष्करीच. ही २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्ग्याकडं आढळली आणि लगेच आपल्याकडंही पोचली. पाय आहेत पण या खुणा नाहीत, तर हरभऱ्यावरची घाटेअळी असू शकते. आणि पायच नाहीत, डोकंही दिसत नाही, एक टोक निमुळतं? मग ती माशीची अळी.

अमेरिकेत फ्लोरिडाचे स्वीट कॉर्नवाले अशाच एका माशीनं हैराण आहेत. तिचं नाव युक्सेस्टा स्टिग्मॅटियास. अंग हिरवट चकचकीत, पंखांवर काळे पट्टे, आणि बसल्या जागी पंख हलवत राहायची खोड. कणसाच्या केसांत शेंड्याला ती अंडी घालते. अळ्या आधी केस खातात, मग दाण्यात शिरतात. एकदा पाल्याआड गेल्या की वरून मारलेलं औषध पोचतच नाही. म्हणून तिकडं फवारणी कणसाला केस येताना, उडत्या माशीवर करतात.

आपल्या कणसात तीच आहे असं मात्र धरून चालू नका. लष्करीनं पोखरलेल्या, कुजक्या कणसावर साध्या माशाही अंडी घालतात. खात्री करायची तर माशी निघू द्यायची.

काचेच्या बरणीत चार बोटं ओलसर माती घाला, वर किडकं कणीस ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. बरणी सावलीत ठेवा. माती भिजवायची नाही, नुसती ओल टिकवायची. इथंच बहुतेकांचं चुकतं, पाणी जास्त होतं आणि सगळं सडतं. अळ्या मातीत उतरून तपकिरी कोष करतात. काही आठवड्यांत माशा निघतील. पंख नक्षीदार दिसले तर दोन-चार माशा स्पिरिटमध्ये घालून सहायक कृषी अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कृषी महाविद्यालयात दाखवा.

तोवर किडकी कणसं बांधावर फेकू नका. पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून कडक उन्हात ठेवा.

आणि बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्या घरात ती लोणच्याशेजारी ठेवली होती, त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.