वाड्यावरच्या कुत्र्यांसाठी गट काढताय? आधी वही काढा

पावसाळा तोंडावर आला की उत्तर गोव्यातल्या मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यातून कुणी ना कुणी विचारतंच: आम्हालाही भटक्या कुत्र्यांसाठी गट करायचाय, सुरुवात कुठून करू? बहुतेकांच्या मनात संध्याकाळी टोपभर भात घेऊन निघायचं असतं. भात लागतोच. पण नुसत्या भाताने कुत्र्यांचं दुःख कमी होत नाही, पुढच्या वर्षी पिल्लं तेवढी वाढलेली असतात. मी दिवसा पेडण्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब लिहिते आणि सकाळ-संध्याकाळ हे काम करते. मला विचाराल तर पहिला खर्च एका जाड पुठ्ठ्याच्या वहीचा करा.

एक वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती, आणि एक वही. सगळ्या गावाचा विचार पहिल्या दिवशी करूच नका. मोजणी पहाटे उजाडता उजाडता करायची, पोदेर (पाववाला) यायच्या आधी. तेव्हा प्रत्येक कुत्रं आपापल्या जागी असतं: कुणाच्या पडवीत, देवळाच्या पायरीवर, भाटात (माडांच्या बागेत) झावळ्यांखाली. एकदा पोदेराचा भोंगा वाजला की सगळी त्याच्या सायकलीमागे लागतात आणि एकच कुत्रं दोनदा मोजलं जातं. दोघांनी जायचं, एकाने फोटो काढायचे, एकाने लिहायचं. फोटो दोन्ही बाजूंनी हवा, कारण आपल्याकडची निम्मी कुत्री तांबडी नाही तर काळी. मग ओळख पटते ती छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून, मोडलेल्या शेपटीवरून, एखाद्या पांढऱ्या नखावरून.

वहीत रकाने असे: नाव, रंग-खूण, नर की मादी, अंदाजे वय, कान कापलेला आहे का, लस कधी, झोपते कुठे, खायला कोण घालतं. नाव ठेवाच. "देवळाकडची तांबडी" म्हटलं की चार जण चार कुत्र्या डोळ्यांपुढे आणतात, "बायो" म्हटलं की एकच. कान कापलेला म्हणजे कानाच्या टोकाला खाच. नसबंदी झाल्याची ती खूण आहे आणि भूल दिलेली असतानाच ती करतात. शेवटचा रकाना वरवर बिनमहत्त्वाचा वाटेल, पण खरं काम त्याच्यावर चालतं. कुत्रं ज्या हातचं खातं त्याच हाताने ते पकडलं जातं.

आठवड्याभरात पुन्हा एकदा मोजा. दोन्ही याद्या जुळवल्या की कान न कापलेल्या माद्यांची यादी समोर येते. हीच तुमच्या गटाची पहिली कामाची यादी. माद्या आधी, नर नंतर. मादी साधारण 63 दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा माजावर येते. वाड्यावरच्या दहा नरांची नसबंदी केली आणि एक राहिला तरी पिल्लं व्हायची ती होतातच. पावसात झालेल्या पिल्लांचे हाल ज्याने पाहिलेत त्याला हे पटवावं लागत नाही. ओल्या गटाराच्या कडेला पार्व्हो या विषाणूच्या रोगाने रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन दिवसांत जातं, आणि आई तिथेच बसून त्याला चाटत राहते. म्हणून फेब्रुवारी ते मे हे महिने सगळ्यात मोलाचे.

ऑपरेशनचा दिवस

नसबंदीचं ऑपरेशन तुम्ही करायचं नाही आणि ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या खोलीतही करवून घ्यायचं नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे हे काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करायचं असतं. उत्तरेत आसगावला इंटरनॅशनल अॅनिमल रेस्क्यू आणि वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस आहेत, शिवोलीत वेल्फेअर फॉर अॅनिमल्स इन गोवा आहे, दक्षिणेत कुडचड्याला गोवा अॅनिमल वेल्फेअर ट्रस्ट. आपला गट म्हणजे त्यांचे गावातले डोळे आणि हात. फोन करताना "इथे खूप कुत्री झालीत, काहीतरी करा" असं सांगू नका. "या वाड्यावर कान न कापलेल्या सात माद्या आहेत, एक गाभण वाटते, पाच हाताने धरता येतील, दोघींना जाळं लागेल" असं सांगा. वहीतून बोलणाऱ्या माणसाला तारीख लवकर मिळते.

सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नको. पिल्लांना दूध पाजणारी आईही नको, पिल्लं सुटी होईपर्यंत दोन महिने थांबायचं. आदल्या रात्री त्या माद्यांना खाणं बंद. भूल द्यायची असते, भरल्या पोटी उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. हे वाड्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन सांगावं लागतं, कारण आपण उपाशी ठेवलेल्या कुत्रीला शेजारची आजी मायेने मासळीची कडी-भात घालते. सकाळी गाडी आली की खायला घालणारं माणूस पुढे, जाळंवाले मागे. धावाधाव, आरडाओरडा, मोबाईलवर शूटिंग काही नको. एक कुत्रं जाळ्यात किंचाळलं की बाकीची भाटात पसार होतात आणि मग महिनाभर गाडीचा आवाज ऐकूनच पळतात.

ऑपरेशननंतर चार-पाच दिवस माद्या संस्थेच्या केंद्रात राहतात. सोडताना जिथून उचलली तिथेच, त्याच पडवीसमोर. "जरा लांब सोडा की" असं सांगणारे भेटतील. नियम तर आडवा येतोच, पण नियम नसता तरी मी हे करू दिलं नसतं. अनोळखी जागी बाकीची कुत्री तिला फाडतात, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागी बाहेरचं, कान न कापलेलं, लस नसलेलं कुत्रं येऊन बसतं.

त्याच फेरीत रेबीजची लस होते. लसीचं काम गोव्यात मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. मिशन रेबीज या संस्थेने 2013 पासून सरकारच्या साथीने गावोगाव जाळी घेऊन फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळांमध्ये मुलांना शिकवलं. 2017 नंतर काही वर्षं राज्यात माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही, आणि 2021 मध्ये सरकारने गोवा रेबीज नियंत्रित असल्याचं जाहीर केलं. पण हे दरवर्षी टिकवावं लागतं. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस असेल तर रोग पसरायला वाट मिळत नाही. तुमच्या वहीत पन्नास कुत्री असतील तर पस्तीसच्या खाली जाऊ देऊ नका, आणि मेलेली खोडून नवी आलेली लिहीत जा, नाहीतर टक्केवारी कागदावरच राहील.

कुत्री नको असलेल्या माणसांशी बोलणं

गट मोडतात ते इथे. "बाये, तुमी खावंक घालतात म्हणून हे सुणे हांगा येतात" (तुम्ही खायला घालता म्हणून ही कुत्री इथे येतात), हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. भांडू नका. ज्याच्या नातवामागे कुत्रं लागलंय, त्याची भीती खरी आहे. वही उघडा, ते कुत्रं कोणतं ते त्याच्याकडूनच ओळखून घ्या, लस झाली आहे का ते तारखेसकट दाखवा, आणि खाण्याची जागा त्याच्या दारापासून हलवा. आमच्या वाड्यावर सगळ्यात जास्त तक्रार करणारे एक काका होते. आता नवं कुत्रं दिसलं की पहिला फोन त्यांचा येतो.

खायला घालायची जागा आणि वेळ एकदा ठरली की रोज तीच. शाळेची वाट, अंगणवाडी, देवळाचं दार, बस थांबा इथे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानेही वॉर्डात ठरलेल्या जागीच खायला घालायचं आहे, आणि नसबंदी-लस झालेलं कुत्रं त्याच जागी परत सोडायचं आहे. रेबीजची लागण वा संशय असलेलं आणि आक्रमक कुत्रं त्याला अपवाद. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, हॉस्पिटल, क्रीडा संकुल, बस स्थानक, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातून उचललेली कुत्री परत तिथे सोडता येत नाहीत. म्हणून शाळेच्या कुंपणाजवळ घुटमळणारी कुत्री आतापासूनच खाण्याची जागा बदलून हळूहळू दूर न्या, नाहीतर त्यांच्या नशिबी पिंजरा.

जागा पंचायतीकडून ठरवून घ्या. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी ग्रामसभा असते. तिथे लेखी अर्ज द्या, सोबत वहीतले आकडे जोडा. पंच बदलतात, इतिवृत्तात आलेला ठराव राहतो.

किनाऱ्यालगतच्या गटांनी आणखी एक सांभाळायचं. मोरजी आणि मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. कुत्री घरटी उकरतात, पिल्लंही खातात. कुत्र्यांवर माया करणाऱ्याने कासवाकडे पाठ फिरवू नये. त्या महिन्यांत तेंबवाड्यासारख्या जागी वाळूवर एक घासही टाकू नका, खाणं रस्त्याच्या बाजूला, आणि शॅकवाल्यांनाही (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळवाल्यांना) हे समजावा. वन खात्याच्या माणसांची ओळख ठेवा.

पाऊस आणि जखमा

मेअखेर शॅक उतरतात. सहा-आठ महिने पर्यटकांच्या ताटातलं खाऊन राहिलेली कुत्री एका आठवड्यात उपाशी पडतात. जून ते सप्टेंबरचा भात याच कुत्र्यांसाठी राखून ठेवा, वर्गणी त्यासाठी मेमध्येच गोळा करा. उकडे तांदूळ आणि चिकनच्या दुकानातले पाय-मुंड्या, कुकरला इतकं शिजवायचं की हाड बोटाने चिरडलं पाहिजे. मीठ नाही, कांदा तर अजिबात नाही.

ओल्या हवेत जखमेत किडे पडतात. बारीक जखम दुपारी दिसते, दोन दिवसांत कानामागे खड्डा होतो. गटातल्या प्रत्येकाच्या पिशवीत किड्यांच्या जखमेवरचा स्प्रे, बँडेज आणि मुसक्यासाठी कापडी पट्टी हवी. खड्डा खोल असेल, डोळ्याजवळ असेल तर सरळ डॉक्टर. जखमेवर रॉकेल, फिनेल, पेट्रोल ओतायचं नाही. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासतात, तेही नाही. ते चाटून पोटात जातं आणि कातडी भाजते. मांजराला तापाची पॅरासिटामॉल दिली तर ते मरतं, अर्धी गोळीसुद्धा नको.

जखमी कुत्रं चावतंच, आपलं असलं तरी. म्हणून काम सुरू करायच्या आधीच गटातल्या प्रत्येकाने डॉक्टरला विचारून रेबीजची लस घ्यावी. चावलं, ओरखडलं तर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, घड्याळ लावून, आणि मग आरोग्य केंद्र. आधी लस घेतली होती हे तिथे सांगायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आवाज बदललेलं, जबडा लोंबणारं, लाळ गाळत दिशाहीन फिरणारं, दिसेल त्याला चावणारं कुत्रं असेल तर जवळ जाऊ नका. मुलांना घरात घ्या, मिशन रेबीजला कळवा, नजर ठेवा.

गुरांचंही थोडं बोलते. पावसात मोकाट गाई राष्ट्रीय महामार्ग 66 वर येऊन बसतात, कारण रस्ता कोरडा असतो आणि माश्या कमी. धारगळच्या बाजूला, मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री त्या दिसतच नाहीत. चमकणारे पट्टे गाईंच्या गळ्यात आणि महामार्गालगतच्या कुत्र्यांच्या गळ्यात घाला. पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि वाढत्या पिल्लाला पट्टा घालूच नका. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीआधी हे काम उरकून घ्या. त्या फटाक्यांत बिथरलेली कुत्री मैलोगणती पळतात, पट्ट्यावर फोन नंबर असला तर निदान कळवतं कुणीतरी.

पिल्लू घरी देताना वहीत वेगळं पान करा. घेणाऱ्याचं घर आधी बघून या. सीझनपुरतं भाड्याने राहणाऱ्याला पिल्लू देऊ नये असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात तो जातो आणि गादीवर झोपायची सवय लागलेलं कुत्रं गेटबाहेर राहतं. घरच्या सगळ्यांची संमती, लसींच्या तारखा, सहा महिन्यांनी ऑपरेशनची कबुली, आणि "सांभाळणं जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता गटाकडेच परत देईन" अशी ओळ. त्याखाली सही घ्या, आणि महिन्याने चहाच्या निमित्ताने जाऊन बघून या.